गोलामागून जाणाऱ्या रेषांबाबत

प्रति,
मा. संचालक,
पर्जन्यनोंद संकलन केंद्र,
नारायण पेठ, पुणे ३०.

अर्जदार : रंगराव सदाशिव हटवार, वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा.

विषय : जिन्याजवळ लावलेल्या जाळे-चित्रात अर्जदाराच्या गोलाला लागलेल्या रेषा अर्जदाराच्याच आहेत किंवा कसे, याचा खुलासा गुरुवारच्या सत्कारापूर्वी होणेबाबत.

संदर्भ : १) सदर जाळे-चित्र. २) त्यानिमित्त अर्जदाराने वाटलेले पेढे. ३) याच विषयावर अर्जदाराने लिहिलेला व नंतर फाडलेला अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या अर्जात अर्जदाराचा उल्लेख सर्वत्र ‘अर्जदार’ असाच केलेला आहे. तशी कार्यालयीन रीत आहेच. शिवाय जे घडले ते ‘मी’ म्हणून लिहायला हात धजत नाही. दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितो आहोत असे मानले की निदान वाक्य पुरे होते.

१. आपणांस विदित आहेच की, गेल्या जूनमध्ये कार्यालयातील आपसांतल्या समन्वयाचा अभ्यास करण्यासाठी एका खासगी कंपनीची माणसे आली होती. त्यांच्यातील तेजस नावाच्या तरुणाने प्रत्येक टेबलापाशी जाऊन एकेक कागद दिला. त्यावर प्रश्न एकच होता : कामात अडलात तर तुम्ही कोणाकडे जाता? तीन नावे लिहायची होती आणि लिहिलेले कोणाला दाखवायचे नव्हते. त्या उत्तरांवरून कंपनीने एक चित्र तयार केले व ते आपल्या आदेशाने जिन्याजवळच्या भिंतीवर लावण्यात आले. चित्रात प्रत्येक कर्मचारी म्हणजे एक निळा गोल, गोलात पांढऱ्या अक्षरांत नाव, आणि ज्याने ज्याचे नाव लिहिले त्या दोघांच्या गोलांना जोडणारी एक करडी रेष. सगळे गोल सारखे, सगळ्या रेषा सारख्या. रेषांना बाण नाहीत. त्यामुळे कोण कोणाकडे जातो हे चित्रावरून समजत नाही, एवढेच समजते की या दोघांत काहीतरी येणे-जाणे आहे.

२. अर्जदाराचा गोल चित्राच्या अगदी मध्यभागी आहे. त्याला वरून, खालून आणि डावीकडून डझनभर तरी रेषा येऊन लागलेल्या दिसतात. साहेबांच्या स्वतःच्या गोलालाही तेवढ्या नाहीत, हे लहान तोंडी मोठा घास घेऊन नमूद करतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. अर्जदार मूळचा भंडारा जिल्ह्यातील पवनीचा. नोकरीमुळे पुण्यात आला आणि येथेच राहिला. आमच्याकडे रस्त्याने चाललेल्या माणसाला ‘कुठे चालले?’ असे विचारतात, आणि तो उत्तर देण्यासाठी थांबतोही. येथे शेजारच्या टेबलावरचा माणूस महिनाभर रजेवर जाऊन आला तरी ‘आलात का?’ म्हणून विषय संपतो. यात कोणाची तक्रार नाही. पुण्याची माणसे वाईट नाहीत, मोजकी आहेत. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्याला येथे कोणी धरून आहे की नाही, हे अर्जदारास कधी कळले नव्हते, आणि ते कोणाला विचारावे तर विचारायचे कसे, हेही कळले नव्हते. अशा माणसाने एक दिवस जिना चढता चढता भिंतीवर पाहिले, तर सगळे कार्यालय आपल्याकडे धाव घेते आहे! अर्जदाराचा ऊर भरून आला. ही बाब कार्यालयीनदृष्ट्या नमूद करण्याची आवश्यकता नाही, पण ती खरी आहे.

३. त्या भरात अर्जदाराने दुपारच्या सुट्टीत बुधवार पेठेत जाऊन पेढे आणले व सर्व शाखांत स्वतः फिरून वाटले. लेखा शाखेचे श्री. गोपाळकृष्ण देवधर यांनी पेढा तोंडात टाकून ‘पेढा उत्तम आहे. निमित्त काय म्हणालात?’ असे दोनदा विचारले. अर्जदाराने दोन्ही वेळा सविस्तर सांगितले. ‘अरे वा, वाचता येतं तर तुम्हाला चित्र,’ असे ते म्हणाले, आणि अर्जदाराने त्यांचे आभार मानले. आता ते आभार आठवले की कानशिले तापतात.

आपल्या दालनातही अर्जदार पेढे घेऊन आला होता. आपण म्हणालात, ‘वा हटवार, आम्हाला कल्पनाच नव्हती!’ आणि वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, म्हणजे येत्या गुरुवारी, ‘कार्यालयाचा दुवा’ म्हणून अर्जदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचे आपण त्याच बैठकीत ठरवलेत. यात आपला काहीही दोष नाही. तोंडात पेढा असताना माणूस नाही म्हणत नाही.

४. गोष्ट कार्यालयात राहती तरी बरे होते. अर्जदाराने चित्राचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अर्जदाराची पत्नी सौ. मंदाकिनी हिचा धाकटा भाऊ रतन धनकवडीत राहतो व तेथील एका मंडळाचा कार्याध्यक्ष आहे. आमचेही घर तेथून जवळच. दोनच दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. ‘माणसांचा दुवा, कार्यालयाचा कणा, आमचे भाऊजी!’ खाली रतनचे व मंडळाच्या इतर पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, मध्ये महाबळेश्वरच्या सहलीतला अर्जदाराचा गॉगल घातलेला फोटो, आणि मागे भिंतभर मोठे केलेले आपल्या कार्यालयाचे जाळे-चित्र. फ्लेक्सला परवानगी होती किंवा कसे, हे अर्जदाराने विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. कार्यालयाचे अंतर्गत चित्र अशा रीतीने चौकात लागले, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. परंतु हे पत्र दिलगिरीचे नाही. दिलगिरी पुरली असती तर पत्र लिहावे लागलेच नसते.

५. रविवारी सायंकाळी आम्ही सहकुटुंब फ्लेक्स पाहण्यास गेलो. अर्जदाराची कन्या कु. राजनंदिनी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नकाशे वाचणे हा तिचा अभ्यासच. तिने फ्लेक्सजवळ जाऊन एका रेषेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, ‘बाबा, रागवू नका. या रेषा तुमच्यापाशी थांबत नाहीयेत.’

अर्जदाराने हसून विचारले, की मग कोठे जातात? तिने गळ्यातली ओढणी काढली, एक टोक आईच्या हाती दिले, दुसरे आपण धरले आणि ती ओढणी एका रेषेवर ताणून धरली. मग दुसऱ्या रेषेवर. मग तिसऱ्या. ती म्हणाली, ‘गोलाला जोडलेली रेष गोलाच्या मध्यावर रोखलेली असते. दोन-तीन सोडल्या तर यातली एकही तुमच्या मध्यावर नाही. बाकीच्यांचा रोख बघा कुठे आहे. तुमच्या उजव्या खांद्याच्या मागे.’

आणि तेथे, अर्जदाराच्या गोलाच्या उजव्या अंगाला, त्याच्याखाली निम्मा झाकलेला आणखी एक गोल होता. भिंतीवरच्या कागदावर तो अर्जदाराने पाहिलाही नव्हता. फ्लेक्सवर मोठा झाल्यामुळे त्यातली अक्षरे वाचता आली. अर्धेच नाव दिसत होते : ‘पिसे’. म्हणजे श्रीमती आम्रपाली रणपिसे, आपल्या आस्थापना शाखेच्या. रेषा त्यांच्याकडे जात होत्या. अर्जदाराचा गोल वाटेत वरून ठेवलेला होता, एवढेच.

पाणीपुरीच्या गाडीवरची माणसे एव्हाना खायची थांबून आमच्याकडे पाहू लागली होती. वर गॉगलमधला अर्जदार, खाली तोच अर्जदार, आणि मायलेकी ओढणीने त्याची मापे घेताहेत. सौ. मंदाकिनी हळूच म्हणाली, ‘चला आता घरी. लोकं पाहून राहिले.’ घरी गेल्यावर मुलीने वडिलांना जेवताना स्वतःहून दुसऱ्यांदा वरण वाढले, आणि त्या वाढण्याने अर्जदारास जितके मेल्याहून मेल्यासारखे झाले तितके त्या चौकातही झाले नव्हते. रतनला फ्लेक्स उतरवण्यास सांगितले असता ‘भाऊजी, आता काढला तर लोक विचारतील’ असे त्याचे म्हणणे पडले. ते बरोबर आहे, म्हणून फ्लेक्स अद्याप तेथेच आहे.

६. सोमवारी सकाळी अर्जदाराने श्री. तेजस यांस फोन केला. ते सभ्यपणे बोलले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो, कारण अर्जदारास त्याचे मराठी करवत नाही : ‘सर, लेआउट सॉफ्टवेअर ठरवतं. पोझिशनला काही मीनिंग नसतं, फक्त लाइन्स बघायच्या. आणि ए-थ्रीवर बसत नव्हतं ना, म्हणून कडेचे एक-दोन नोड आम्ही उचलून मध्ये रिकाम्या जागेत टाकले.’ कडेचे म्हणजे कोणते, असे विचारता ते म्हणाले, ‘ज्यांना लाइन्स कमी असतात ते, सर. सॉफ्टवेअर त्यांना आपोआप बाहेर ढकलतं.’ त्यांत अर्जदाराचा गोल होता काय, असे विचारता त्यांना आठवत नव्हते. मूळ उत्तरे गोपनीय असून संचालकसाहेबांचे पत्र असल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. प्रस्तुत अर्जाचे मूळ कारण हेच.

येथे एक तांत्रिक बाब आपल्या निदर्शनास आणणे क्रमप्राप्त आहे. अर्जदारानेही कागदावर तीन नावे लिहिली होती. त्यामुळे त्याच्या गोलाला रेषाच नाहीत असे म्हणता येत नाही. तीन तरी आहेत, आणि त्या त्याने स्वतःच पाठवलेल्या आहेत. त्यांतली पहिली रणपिसे मॅडमच्या नावाची. परंतु दोन्ही गोल एकमेकांवर चढल्यामुळे ती पहिलीच रेष चित्रात दिसत नाही.

७. त्या दिवशी अर्जदाराने आपल्या टेबलावर बसून, जन्मात प्रथमच, आपल्या टेबलाकडे पाहिले. हॉलमध्ये शिरताच पहिले टेबल अर्जदाराचे. त्याच्या मागे, उजव्या अंगाला, कपाटे आणि भिंत यांच्या बेचक्यात रणपिसे मॅडमचे. मधली वाट इतकी चिंचोळी की आत कोणी जात नाही. येणारा माणूस अर्जदाराच्या टेबलाशी थांबतो, हातातली फाइल त्यावर ठेवतो, कोपर टेकतो आणि बोलू लागतो. रजेचा हिशेब चुकला, वेतननिश्चिती अडली, एखाद्या तालुक्याच्या बदललेल्या पर्जन्यमापकाची नोंद सापडत नाही, असे सगळे तेथे उभे राहून बोलले जाते. आलेल्याला चहा विचारावा ही आमच्या गावची रीत, म्हणून अर्जदार प्रत्येकास चहा विचारतो. कित्येक जण घेतातही. आपल्याकडे केवढा राबता आहे, असे अर्जदारास इतकी वर्षे वाटत आले.

सोमवारी अर्जदाराने येणाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. देवधर आले, फाइल अर्जदाराच्या टेबलावर ठेवली, ‘नमस्कार हटवार’ म्हणाले, आणि त्यांची नजर अर्जदाराच्या उजव्या खांद्यावरून मागे गेली. ‘ताई, जरा एक बघता का?’ त्यांच्यानंतर आलेल्याचेही तेच. त्याच्यानंतर आलेलीचेही. नमस्कार मात्र सगळे अर्जदारालाच करतात, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आमची राजनंदिनी जे चौकात ओढणीने दाखवत होती, ते अर्जदाराच्या टेबलावर रोज सकाळी साडेदहापासून चालू होते. कंपनीच्या चित्रात चूक असेल, असे समजून अर्जदाराने पहिला अर्ज लिहिला होता. तो त्या दिवशी फाडला. चित्र बरोबर आहे. आपल्या कार्यालयाचे याहून बरोबर चित्र कोणी काढू शकणार नाही.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो निदान बीळ पाहून शिरतो. अर्जदारास बीळ दुसऱ्याचे आहे हेच माहीत नव्हते. पण न जाणता केले म्हणून लाज कमी होत नाही, उलट वाढते. जाणून केले असते तर निदान हुशारी तरी म्हटली असती.

८. मधल्या सुट्टीत अर्जदार रणपिसे मॅडमपाशी गेला व सत्कार आपला नसून त्यांचा आहे, असे सांगितले. त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, ‘अहो हटवार, चित्र लावलं त्या दिवशीच दिसलं होतं मला. सगळ्यांनाच दिसलं.’ मग बोलला का नाहीत, असे अर्जदाराने विचारले. ‘पेढे घेऊन उभे होतात तुम्ही. काय बोलणार?’

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळ्यांनी पेढा खाल्ला. ती दया होती की मजा, हे अर्जदारास ठरवता येत नाही. दोन्ही प्रकारे वाचता येते. रणपिसे मॅडमनी स्वतः त्या दिवशी पेढा घेऊन ‘अभिनंदन’ म्हटले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीही नव्हते. त्यांच्या हक्काचे कौतुक अर्जदार त्यांच्याच समोर, त्यांच्याच हातावर ठेवून, आपले म्हणून साजरे करत होता. धरणी पोटात घेईल तर बरे, असे जे म्हणतात ते अशाच वेळी म्हणत असावेत.

शाल गुरुवारी आपण घ्यावी, अशी अर्जदाराने त्यांना विनंती केली. त्यावर त्या म्हणाल्या, ‘शाल काय करू? घरात दोन पडल्यात. मला उठताना तुमच्या खुर्चीला वळसा घालावा लागतो, कपाटाचं दार लागतं. तेवढं जमलं तर बघा.’ आणि त्यांनी डब्याचे झाकण लावले. हेच त्या यापूर्वीही दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. अर्जदारास तेव्हा ती गंमत वाटली होती.

९. फाडलेल्या अर्जात पुढील मागण्या होत्या : रेषांना बाण दाखवावेत, एक रेष दुसरीवरून जात असेल तेथे विजेच्या नकाशात असते तशी उडी दाखवावी, कोणताही गोल दुसऱ्या कोणाच्या रेषेवर ठेवू नये, आणि अर्जदाराकडे स्वतःहून आलेल्या रेषा किती, याचा आपल्या सहीशिक्क्याचा दाखला मिळावा. पैकी पहिल्या तीन मागण्या रास्त आहेत व पुढील चित्राच्या वेळी त्यांचा विचार व्हावा. दुसऱ्या कोणा हटवारावर अशी पाळी येऊ नये.

चौथी मागणी अर्जदाराने रात्रभर मनात घोळवली. विषयात ती अद्याप आहे, कारण विषय आधी टंकला गेला. परंतु दाखला द्यायचा तर आपणांस कंपनीला पत्र लिहावे लागेल. ते पत्र जावक होईल. कंपनीचे उत्तर आवक होईल. म्हणजे ‘श्री. हटवार यांच्याकडे कोणीही जात नाही’ असे पत्र आले, तर ते उघडून, शिक्का मारून, क्रमांक घालून आपल्यापुढे ठेवण्याचे काम अर्जदारासच करावे लागेल. तेही तो करील. नोकरीत याहून अवघड कामे केली आहेत. परंतु एखादी तरी रेष आली असेल, अशी थोडी आशा अजून आहे, आणि ती अशा रीतीने शिक्का मारून संपवण्याची अर्जदाराची हिंमत नाही. सबब ही मागणी मागे घेण्यात येत आहे.

१०. आता विनंती एवढीच.

गुरुवारच्या कार्यक्रमपत्रिकेतून अर्जदाराचे नाव काढून तेथे श्रीमती आम्रपाली रणपिसे यांचे नाव घालावे. त्या नको म्हणतील, तरी घालावे. टाळ्या अर्जदार पहिल्या रांगेत बसून वाजवील. त्यावेळी त्याच्याकडे कोणी पाहिले तर त्याला लाज वाटेल, पण ती सोसण्यासारखी लाज आहे.

आणि अर्जदाराचे टेबल दारासमोरून उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या खिडकीखाली लावण्याची परवानगी द्यावी. उचलण्यास शिपाई नको, अर्जदार व देवधर मिळून उचलतील, असे देवधरांनी कबूल केले आहे. टेबल हलले की दारातून रणपिसे मॅडमपर्यंत सरळ जाता येईल व त्यांना उठता-बसताही येईल. खिडकीकडे मात्र कोणी सहज जात नाही. तिकडे जायचे तर मुद्दाम वळावे लागते, आणि त्या वाटेवर किंवा त्या वाटेच्या पुढे दुसऱ्या कोणाचेही टेबल नाही. तेथे जो येईल तो अर्जदाराकडेच आलेला असेल. त्याला चहाही विचारला जाणार नाही, म्हणजे तो चहासाठी आला असाही संशय राहणार नाही.

कोणी आले, तर अर्जदारास कोणत्याही दाखल्याची गरज उरणार नाही. कोणी आले नाही, तरी उरणार नाही.

योग्य त्या आदेशाची वाट पाहणारा, व तोपर्यंत दारातच बसलेला,

आपला नम्र,
(सही)
रंगराव सदाशिव हटवार
वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा

पुणे, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : हॉलमधील टेबलांचा प्रस्तावित नकाशा, एक प्रत. काढणारी : कु. राजनंदिनी हटवार. (खिडकीपाशी काढलेल्या टेबलासमोर तिने एक रिकामी खुर्ची दाखवली आहे. ती अर्जदाराने सांगितलेली नाही. परंतु खोडलेलीही नाही.)